कोरं पान

फळ्यावर लिहिलं: सोमवारपासून सकाळची शाळा.
साडेसातला परिपाठ, साडेअकराला घरी.
मुंजाजीनं विचारलं, "मग झोपायचं कधी, बाई?"
त्याचा बाप रात्रीच्या लाइटीवर रानात पाणी देतो,
बॅटरी धरायला हा असतो.
मी म्हणाले, लवकर.
तो हसला नाही.

मग तिसरीनं आपलं आपण ठरवायला घेतलं.
पाण्याची घंटा तीनदा. ती मिस्बानं द्यायची,
कारण लोखंडी टोल नेमका कुठं वाजतो ते तिलाच माहीत,
बाकीकडं तो नुसता खोकतो.
चिमण्यांची परात दोघांनी भरायची,
एकट्यानं भरली तर तो स्वतःच पितो
(आरोप हरिओमवर आहे, सिद्ध झालेला नाही).
पाढे लिंबाखाली.
दोनचा पाढा कुंपणापाशी सुरू करायचा,
सावली आखडेल तसं बुंध्याकडं सरकायचं,
बाराच्या पाढ्याला सगळे बुंध्याला टेकलेले,
एकमेकांच्या मांडीवर.
खिचडी दहाला. कैऱ्या आणायच्या नाहीत.
कैऱ्या आल्या.
तिखटमीठ कुणाच्या कंपासपेटीत होतं ते मी विचारलं नाही,
मला मिळालं.

शेवटी संबोधीनं एक ओळ घातली, तारीख न टाकता:
दुर्गा येईल तेव्हा.

दुर्गा दिवाळीनंतर कारखान्याला गेली,
आईबापाच्या कोयत्याबरोबर. पट्टा पडला की येणार.
वर्गात तिची एक वही आहे.
रोज एकानं लिहायचं, आज काय झालं ते.
त्यातलं शुद्धलेखन मी तपासत नाही.

"हातच्याची वजाबाकी झाली. तुला येईल."
"बाईंचा घसा बसला. आम्हीच शिकवलं."
"हरीचा दात पडला. त्यानं शाळेच्या पत्र्यावर फेकला. आवाज आला."
"अर्धी भाकर म्हणजे एक छेद दोन.
पुढचं कळलं नाही, तू आल्यावर मिळून बघू."
एका पानावर नुसती कोंबडी आहे,
सही नाही.

एप्रिलचा दुसरा आठवडा. रात्री ट्रॅक्टर वेशीत थांबला,
आणि सकाळी मी कुलूप काढायला आले
तर ती आधीच पायरीवर.
ड्रेस आखूड झालेला,
पोटऱ्यांवर पाचटाचे बारीक ओरखडे.

सातच्या पाढ्याला अडली. साती साते किती,
पोरं ओठ हलवून सांगत होती, मी बघत नव्हते.
मग तिनंच गणित घातलं:
एका मोळीत बारा ऊस,
बापानं पहाटेपर्यंत चाळीस मोळ्या बांधल्या,
आईनं वाहिल्या. तर ऊस किती?
मी खडू उचलला.
खडू फळ्याला लागायच्या आत ती म्हणाली, चारशे ऐंशी.
आणि मुकादम म्हणतो साडेचारशे, बाई.
हे पुस्तकात नव्हतं.
कुणीतरी विचारलं, मग तीस कुठं गेले?
त्या दिवशीचं परिसर अभ्यास तिथंच राहिलं.

दहानंतर, ताटं विसळून झाल्यावर,
संबोधीनं वही दिली.
"मपली?"
"तुपलीच."
ती बोट ठेवून वाचत गेली, ओठ हलवत,
दातापाशी हसली,
कोंबडीपाशी हरीकडं बघितलं.
मग थांबली.
"हे कोरं कामून?"
वर तारीख होती, बारा फेब्रुवारी, खाली काही नाही.
पोरांत वाद झाला. पाळी कुणाची होती,
त्या दिवशी शाळा होती का, पाहुणे आले होते का.
मुंजाजी सगळ्यात उशिरा बोलला,
"मी झोपलो होतो."

ती त्याच्याकडं बघत राहिली.
पेन्सिल मागून घेतली, गुडघ्यावर वही ठेवली,
आणि त्याच्या कोऱ्या पानावर लिहिलं,
मोठं, ओळीच्या बाहेर जाणारं:
मी पण झोपले होते. उसाच्या गाडीवर, वरच्या वर.
खाली रस्ता होता.

मिस्बा तिसरी घंटा द्यायची विसरली.
ऊन बुंध्याच्या वितीवर आलं होतं.
"सरका रे," कुणीतरी म्हणालं,
आणि सगळ्यांनी पाय पोटाशी घेतले.